विरामाच्या आधी

मनी दार वाजवत नसे. कुणाच्याही घरी गेली तरी दारासमोर नुसती उभी राहायची, आतून चाहूल लागली की खाकरायची, आणि तेही इतकं हळू की आतल्याला वाटावं मांजर शिंकलं. बेल दिसत असली तरी बोट पुढे जायचं नाही. लोक म्हणत, बाई फार संकोची. संकोच कसला डोंबलाचा. तिच्या हातांना दाराची दहशत बसली होती, आणि ती कशी बसली ते आधी सांगायला हवं.

तिचे बाबा सिनेमाला संगीत देत. सगळं जग त्यांना मास्तर म्हणायचं. पोट चालायचं ते सिनेमातल्या दणदणाटी गाण्यांवर, पण जीव अडकला होता जॅझमध्ये. घरातल्याच एका खोलीच्या भिंतींना जाड गाद्या ठोकून त्यांनी तिथे पियानो ठेवला, टेपचं यंत्र आणलं, आणि सवड मिळेल तशा स्वतःच्या हौसेच्या तबकड्या केल्या. एक दिवेलागणीला ऐकायची. एक लांबच्या प्रवासाहून परतल्यावर. एक 'पाहुणे गेल्यावर' नावाची, घर एकदम मोकळं मोकळं वाटतं तेव्हासाठी. गायक नाही, शब्द नाहीत; पियानो, बास, ब्रशने कुरवाळलेला ड्रम, अधूनमधून सॅक्सोफोन. त्या वेळी त्या तबकड्यांना कुणी विचारलं नाही. सिनेमावाले म्हणाले, मास्तर, हे ऐकताना माणसाने नाचायचं की झोपायचं?

खोलीच्या दारावर बाहेरच्या बाजूला लाल दिवा होता. त्याचं बटण आत, मास्तरांच्या हाताशी. दिवा लागला की घराने श्वास रोखायचा. नळ बंद, भांडी बंद, फोनचा रिसीव्हर काढून बाजूला. दिवा लागलेला असताना त्या दाराला हात लावायचा नाही, मग घराला आग का लागेना. हे आगीचं मास्तर हसत हसत सांगत. बायको विचारायची, म्हणजे आग लागली तर मी तुमचं वाजवून होईपर्यंत थांबायचं? मास्तर म्हणायचे, चाल संपेपर्यंत तरी थांब. दोघं हसायची. थट्टाच ती.

मनी पाच वर्षांची असताना एका दुपारी आईला दम्याचा झटका आला. स्वयंपाकघरात ओट्याला धरून ती खाली बसली आणि कसंबसं म्हणाली, बाबांना बोलाव. पोर धावत सुटली. दिवा लागलेला होता. त्यापुढचं मनीला आठवतं ते एवढंच: डोक्यावर लाल दिवा, पायाखाली गार फरशी, आणि आपण उभ्या. मास्तर बाहेर आले तोवर आई गेली होती.

'दार वाजवायचं ना गं बाळा,' मास्तर सगळ्यांच्या देखत म्हणाले, आणि तिला उचलून घेऊन ढसाढसा रडले.

त्यानंतर त्यांनी तिला कधी बोल लावला नाही, आणि खरी गोम इथेच आहे. चार धपाटे घातले असते, महिनाभर अबोला धरला असता, तर कधीतरी ते संपलं असतं. त्यांनी तिला माफ केलं. एकदा करून थांबले असते तरी चाललं असतं, पण नाही. आल्यागेल्यासमोर, आजारपणात, जेवता जेवता मध्येच, ते पुन्हा पुन्हा माफ करत राहिले. 'लहान होती बिचारी. दिवा दिसला, उभी राहिली. तिची काय चूक?' असली माफी ज्याच्या वाट्याला येते त्याने मान वर करायची कशी?

आईची एक बहीण होती, मावशी, तोंडाने फटकळ. ती म्हणायची, 'ही गप्प उभी राहिली? हिला आम्ही ढोलकी म्हणायचो. न्हाणीघराचं दार बंद दिसलं तरी दोन्ही मुठींनी बडवायची ही.' मास्तरांनी मावशीचं येणं-जाणं गोडीगुलाबीने बंद करून टाकलं. ढोलकी हे नाव मागे पडलं. पोरगी मांजरासारखी पाय न वाजवता चालायला लागली, म्हणून मास्तरांनीच कौतुकाने तिला मनी म्हणायला सुरुवात केली.

मनीने वाचनालयात नोकरी केली, म्हणजे तिथेही शांतताच. घरात मऊ तळव्यांच्या सपाता घातल्या. लग्नाची बोलणी आली तशी गेली, कारण बाबांना एकटं कसं सोडायचं? आईला एकदा एकटं सोडलं होतं, तेवढं पुरे. मास्तर नव्वदीला टेकले तेव्हा मनीचेही केस पांढरे झाले होते आणि बापलेकीचा दिवस एका ठरल्या चालीवर चालत होता. सकाळी पेपर, दुपारी झोप, चहा, मग तासभर मास्तर आपल्या खोलीत पियानोवर बसायचे. दिवा अजूनही लावायचे. दार फुगून घट्ट झालं होतं, आतून ओढून उघडायचं बळ त्यांच्या हातात उरलं नव्हतं. म्हणून वाजवून झालं की ते दिवा विझवत, आणि बाहेर बसलेली मनी खांद्याने दार ढकलून उघडत असे.

आणि मग त्या तबकड्यांचं नशीब फळफळलं. ज्यांच्या आईबापांचाही जन्म तेव्हा झाला नव्हता अशा पोरांनी त्या कुठल्या कुठल्या अडगळीतून उकरून काढल्या आणि डोक्यावर घेतल्या. जुन्या तबकड्या नव्याने काढणाऱ्या एका कंपनीने मास्तरांना गाठलं. सगळ्यात जास्त बोलबाला 'पाहुणे गेल्यावर'मधल्या शेवटच्या चालीचा. एकट्या पियानोची चाल. मध्यावर पियानो थांबतो, आता संपलं असं वाटतं, बरंच काही सुचेल इतका वेळ जातो, आणि पियानो जिथे सोडलं तिथून पुन्हा सुरू होतो. जाणकार मंडळींनी त्या विरामावर पानंच्या पानं खरडली होती. कुणी म्हणे इथे काळ थांबतो, कुणी म्हणे इथे मौनच वाजतं. लोकांना वेळ फार.

ती चाल आई गेली त्या दुपारची होती. दिवा लागलेला होता तो हीच चाल टेपवर घ्यायला. घरात ती कुणी लावत नसे, पण मास्तरांनी ती छापायला दिली होती आणि वेष्टनावर मागे लिहिलं होतं, 'हिच्यासाठी, जी ऐकायला उरली नाही.' लोक ते वाचून डोळे पुसत.

मास्तर कंपनीला हो म्हणाले, पण एका अटीवर. 'जुन्या तबकड्यांवरून करा. मूळ टेपा गेल्या. बुरशी लागली.'

मनी हे ऐकून चमकली. कपाटावरच्या पेटीतल्या टेपा ती दर वर्षी उतरवून पुसत होती. चांगल्या स्वच्छ होत्या. तिला वाटलं, वयाने विसरले असतील. कंपनीचा माणूस तिला फोनवर म्हणाला होता की तबकडीवरून केलं तर खरखर राहणारच, मूळ टेप मिळाली तर मास्तरांचं सोनं होईल. बाबांसाठी एक तरी गोष्ट आपल्या हातून चांगली व्हावी, अशी तिला आयुष्यभराची तहान. मास्तर दुपारी झोपले असताना तिने टेपा कापडी पिशवीत भरल्या आणि नेऊन दिल्या.

हा कंपनीचा माणूस म्हणजे जुने आवाज साफ करून देणारा. सगळे त्याला कानसेन म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. गडी कामाचा, पण बोलायला लागला की थांबता थांबायचा नाही. काही दिवसांनी त्याने मनीला बोलावून घेतलं. तिची सवय एव्हाना कळली असल्यामुळे त्याने दार आधीच उघडं ठेवलं होतं.

'या ताई, बसा. मास्तरांची एक चोरी पकडली आहे मी,' तो खुशीत म्हणाला. 'तो प्रसिद्ध विराम आहे ना? तो वाजवलेलाच नाही. चिकटवलेला आहे.'

'म्हणजे?'

'टेप ब्लेडने कापली आहे. मधला तुकडा काढून टाकला आणि त्या जागी कोरी टेप जोडली. हे बघा, डिंक सुकून जोड सुटायला आला होता.' त्याने बोटाच्या टोकाने दाखवलं. 'लोक ज्याला मौन म्हणून नमस्कार करतात ती कोरी पट्टी आहे.'

मनीला हसावं की काय करावं कळेना. 'आणि कापलेला तुकडा?'

'तो गेला असेल केरात. पण ऐका तर. टेप रिळावर गुंडाळलेली असते, थरावर थर. एका थरावर मोठा आवाज असला की शेजारच्या थरावर त्याचा ठसा उतरतो. ओली शाई समोरच्या पानावर उमटते ना, तसाच. मास्तरांनी त्याच दिवशी कापलं असतं तर फार काही उमटलं नसतं. पण त्यांनी टेप बरेच दिवस तशीच गुंडाळून ठेवली असणार. नंतर कापली. मधलं गेलं, पण शेजारच्या थरांवर ठसा राहून गेला. वाजवणारे लोक ही चूक हमखास करतात. ब्लेड चालवतात आणि रीळ विसरतात.'

'तबकडीवर तर काही ऐकू येत नाही.'

'तबकडीच्या खरखरीत ते बुडून जातं. टेपवरही नुसत्या कानाला लागत नाही. मी वर आणलंय.' त्याने आवाजाचं बटण फिरवलं. 'मला वाटतं मास्तरांना काहीतरी नाट्यमय करायचं होतं आणि मग विचार बदलला. तुम्हीच सांगा, ठेवू की पुसू?'

पियानो मऊ चालत होता. त्याच्या खाली, खूप खोलवर, काहीतरी धडकायला लागलं. धप. धप धप. धप धप धप. लाकडावर मुठी आपटत होत्या, एक नव्हे, दोन्ही. मग आवाज. तो एवढासा होता, पण पोरीचा होता, आणि शब्द कळत होते.

'बाबा. बाबा. आई पडली. बाबा, आई पडली.'

मग पुन्हा मुठी. मग काही नाही.

मनी खुर्चीत ताठ बसली होती. दोन्ही हातांच्या मुठी कधी वळल्या ते तिला कळलं नव्हतं. 

कानसेनाने तिच्याकडे पाहिलं आणि त्याची बडबड एकदम आटली. 'ताई,' तो म्हणाला, 'पाणी देऊ?'

'मला एक सांगा.' तिचा आवाज तिलाच परका वाटला. 'पियानो आधी थांबला, की ठोका आधी पडला?'

त्याला हे सांगावंसं वाटत नव्हतं, ते त्याच्या तोंडावर दिसलं. 'ठोका आधी. पहिला ठोका पियानो चालू असतानाच पडलाय, तो त्यांना कापता आला नाही. लोक त्याला पियानोच्या पायाखालच्या पेडलचा आवाज समजतात. मग हात थांबले. सगळं संपेपर्यंत थांबले. आणि मग...'

'पुढे वाजवलं.'

'हो,' कानसेन म्हणाला. 'जिथे सोडलं होतं तिथून.'

घरी मनी चालत गेली की कशी गेली हे तिला सांगता आलं नसतं. डोक्यात एकच घोळत होतं. कदाचित ऐकू गेलं नसेल. कदाचित शब्द कळले नसतील, नुसता त्रास वाटला असेल, वाजवणाऱ्या माणसाची तंद्री असते. इतकी वर्षं तिने त्या माणसाचं जेवण गरम केलं होतं, नखं कापली होती, त्याच्यासाठी पावलंसुद्धा वाजवली नव्हती. त्याच्या बाजूने एखादं तरी वाक्य सापडावं म्हणून ती सगळं मन धुंडाळत होती.

मास्तर खिडकीशी खुर्चीत बसले होते. त्यांचं बहिरेपण सोयीचं होतं. डॉक्टरांचा सल्ला तीनदा ओरडून सांगावा लागे, बिस्किटांचा डबा मात्र दोन खोल्यांपलीकडे उघडला तरी कळायचा.

'उशीर केलास,' ते म्हणाले.

'कंपनीत गेले होते बाबा. काम होत आलंय. शेवटच्या चालीत थोडे आवाज आहेत म्हणतात.'

'विरामाच्या आधी,' मास्तर म्हणाले. 'पुसायला सांग त्यांना. नंतरही येतात थोडे, तेही पुसायला सांग.'

आवाज कुठे आहेत, हे मनीने सांगितलंच नव्हतं.

मास्तरांच्याही ते लक्षात आलं. त्यांचे डोळे तिच्या चेहऱ्यावरून कपाटाकडे गेले, कपाटावरून पुन्हा तिच्याकडे आले. 'टेपा दिल्यास तू.'

'बुरशी लागली नव्हती बाबा.'

'मी तबकडीवरून करा म्हटलं होतं.'

'मी दार वाजवलं होतं,' मनी म्हणाली.

मास्तर तिच्याकडे बघत राहिले, रागाने नव्हे, एखादा बेसूर लागलेला सूर तपासावा तसे. मग त्यांनी कानातलं यंत्र काढलं आणि चहाच्या बशीत ठेवलं.

'लहान होतीस तू,' ते म्हणाले. 'लहान मुलांना आठवत नाही.'

काठी टेकत ते उठले आणि आपल्या खोलीत गेले. दार लोटून घेतलं. क्षणभराने वरचा लाल दिवा लागला.

मनी तिथेच उभी राहिली. त्या दिव्याखाली, त्या फरशीवर, अगदी होती तिथे. आतून पियानो सुरू झाला, आणि म्हाताऱ्याने वाजवायला घेतली ती तीच चाल. बोटं अडखळत होती, तरी ओळखू येत होती. तिने सपाता काढल्या. फरशी गार होती. मग ती सावकाश गुडघ्यांवर बसली, म्हणजे खांदे पाच वर्षांच्या पोरीच्या उंचीला आले, आणि तिने दोन्ही हात वर उचलले. तिने स्वतःलाच विचारलं, तुला खरंच हे माहीत करून घ्यायचंय का? मग तिने दोन्ही मुठींनी दार बडवलं.

पियानो थांबला.

पियानो दाराच्या चौकटीला लागूनच होता. कानात यंत्र नसलं तरी एवढे ठोके त्यांच्या बोटांना कळले असणार, लाकडाला लाकूड भिडलेलं. 'बाबा,' ती म्हणाली. पुन्हा बडवलं. 'बाबा.' आत काही हललं नाही. खुर्ची सरकली नाही, काठी टेकली नाही. आतला माणूस हात उचलून धरून बसला होता, हे तिला मध्ये दार असूनही दिसत होतं. ती गप्प झाली आणि वाट पाहू लागली. तिला मनापासून वाटत होतं की आता दिवा विझेल. एवढं झाल्यावरही वाटत होतं, हे सांगायलाच हवं.

मग पियानो सुरू झाला. जिथे सोडलं होतं तिथून.

मनीला रडू आलं नाही. तिला राग आला, आणि इतक्या वर्षांत राग म्हणजे काय हे विसरायला झालेलं असल्यामुळे पहिल्यांदा तिला वाटलं आपल्याला तापच चढतोय. तिने तिथेच फरशीवर बसून कानसेनाला फोन लावला.

'पुसू नका,' ती म्हणाली. 'जेवढं वर आणता येईल तेवढं वर आणा. शब्द कळले पाहिजेत.'

'मास्तरांना विचारलंत?'

'विचारलं,' मनी म्हणाली. 'त्यांनी उत्तर दिलं.'

तिने फोन बाजूला ठेवला आणि दाराला लागून भिंतीला पाठ टेकली. आतली चाल शेवटाकडे आली, रेंगाळली, संपली. पेडल सुटल्याचा आवाज आला. मास्तर खोकले. मग काठी टेकत दारापर्यंत आले आणि थांबले. दार ओढून पाहिलं असावं, ते कुरकुरलं फक्त. पुन्हा खोकले, या वेळी जरा लांबलं.

मग आतून काठीचा ठोका पडला. थोड्या वेळाने आणखी एक.

'मनी,' ते म्हणाले. 'अगं, दार उघड. पाणी दे.'

तिने वर पाहिलं. लाल दिवा लागलेलाच होता, विझवायचं ते विसरले होते. बटण आतच होतं, त्यांच्या हाताशी. काठीचे ठोके जवळजवळ पडायला लागले. मनी भिंतीला टेकून बसून राहिली आणि ऐकत राहिली.